पाच महिन्यांच्या भाटीचं स्पे (नसबंदीचं ऑपरेशन) झालंय: कोन काढते, खात नाही, उड्या मारते

करडी मनी

मांजराचं पिल्लू ५ महिन्यांचं, वजन २.१ किलो. काल सकाळी स्पे झालं, म्हणजे आता साधारण ३० तास होत आले. पोटावर मधोमध दोनेक सेंटिमीटरचा छेद आहे. टाके आतून घातलेत, विरघळणारे, वरून दोरा दिसत नाही. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर एवढंच आहे: कोन (जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर) १० दिवस, मेलोक्झिकॅम (वेदनाशामक) ०.२ मिली दिवसातून एकदा असं ३ दिवस, उड्या नकोत.

अडचणी:

१. कोन घातला की उलटी उलटी चालते, भिंतीला टेकली की तिथेच बसते. मग पंधरा मिनिटांत पंजा घालून ओढून काढते.

२. काल रात्री दोन चमचे ओलं खाणं खाल्लं, आज सकाळी नुसतं हुंगलं. पाणी पिते. लघवी दोनदा झाली, शी अजून नाही.

३. औषधाची बाटली हातातून सुटली, सगळं सांडलं. घरात कुत्र्याची मेलोक्झिकॅमची बाटली आहे. औषध तेच, तर त्यातून ०.२ मिली दिलं तर चालेल का?

४. दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारलीच. पिंजऱ्यात ठेवलं की ओरडते.

५. घरातला मोठा बोका (न्यूटर, म्हणजे नसबंदी केलेला) तिच्यावर फिसकारतोय. परवापर्यंत दोघं एका टोपलीत झोपायची.

थेंबमोज

आधी तिसरा प्रश्न. बाकीचं तासाभराने वाचलं तरी बिघडत नाही.

त्या बाटलीतून ०.२ मिली देऊ नका. औषध तेच असलं तरी तीव्रता वेगळी असते. मांजरांचं तोंडावाटे द्यायचं मेलोक्झिकॅम साधारण ०.५ मिग्रॅ प्रति मिली असतं, कुत्र्यांचं बहुधा १.५. म्हणजे तेवढ्याच मिलीत तिप्पट औषध. तुमचा हिशेब मांडून बघा: ऑपरेशननंतर घरी द्यायचा नेहमीचा डोस ०.०५ मिग्रॅ प्रति किलो, २.१ किलोला साधारण ०.१ मिग्रॅ, आणि ०.५ च्या बाटलीतून ते होतं ०.२ मिली. कागदाशी जुळतं. कुत्र्याच्या बाटलीतून तेवढंच औषध ०.०७ मिली येईल. ते १ मिलीच्या सिरिंजवर जेमतेम सात बारीक रेघा. एखादा बुडबुडा आला किंवा हात हलला की डोस चुकला. मांजराच्या मूत्रपिंडाला हा जादा डोस महागात पडतो. दवाखान्यात फोन करून "औषध सांडलं" एवढं सांगा, दुसरं देतील. एक दिवस उशीर झाला तरी पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करायची नाही.

दुसरं म्हणजे, हे औषध रिकाम्या पोटी नको. आधी थोडं खाऊ दे, मग द्या. उलटी, पातळ शी किंवा खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना विचारा.

आणि कोणी सुचवायच्या आत लिहून ठेवतो: माणसांची वेदनाशामकं अजिबात नाहीत. पॅरासिटामॉल तर नाहीच नाही. माणसाचं यकृत ज्या वाटेने ते निकामी करतं ती वाट मांजरात फार कमकुवत असते. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. आयबुप्रोफेनही त्याच यादीत.

खाण्याचं. भुलेनंतर पहिल्या संध्याकाळी नेहमीच्या जेवणाच्या पाव भाग पुरे असतो, जास्त दिलं की उलटी होते. म्हणजे कालचे दोन चमचे ठीकच होते. आजपासून मात्र भूक वाढत जायला हवी. लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे मोठ्या मांजरासारखी "खाईल उद्या" म्हणून वाट बघायची नाही. २.१ किलोच्या पिल्लाला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण १२० किलोकॅलरी लागतात. डब्यावर १०० ग्रॅमला किती ते छापलेलं असतं, त्यावरून मोजा.

युक्ती अशी: ओलं खाणं कोमट करा, मनगटावर थेंब ठेवला तर गरम न लागण्याइतकंच. मांजर आधी वासाने ठरवतं, आणि फ्रिजमधल्या खाण्याला वास नसतो. एक चमचा कोमट पाणी घालून पातळ करा, कारण श्वासनळीत नळी घातलेली असेल तर घसा एक-दोन दिवस दुखतो आणि कोरडे दाणे टोचतात. अधूनमधून ठसका लागतो तोही त्यामुळेच. सपाट बशीत, दर ३-४ तासांनी एक-दीड चमचा. दूध नको, पोट बिघडेल. सिरिंजने घशात ढकलू नका, फुप्फुसात गेलं तर नवीनच दुखणं.

आज सकाळी हुंगून सोडलंय. रात्रीपर्यंत, म्हणजे १२ तासांत, तोंडच लावलं नाही तर उद्याची वाट न बघता फोन करा. त्यातच अंग गार, मान टाकलेली, पाय लटपटतायत असं दिसलं तर हिरडीला थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळून लगेच निघा.

शी दोन-तीन दिवस न होणं नेहमीचं आहे. आधी उपास झालेला, वरून भूल आणि वेदनाशामक, आतडी सावकाश जागी होतात. लघवी होतेय ना, ती जास्त महत्त्वाची. तिसरा दिवस उलटला तर विचारा. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा घरी वापरू नका, मांजराच्या रक्तातले क्षार त्याने जीवघेणे बिघडतात.

सुईदोरा

कोनबद्दल. उलटं चालणं हा हट्ट नव्हे. डोक्याला अडकलेल्या गोष्टीतून मांजर मागे सरकून सुटायला बघतं, आणि वर मिशांना कडा लागत असतात. एक दिवस, फार तर दोन, मग सरळ चालते. दर वेळी दया येऊन काढलात तर तो एक दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

तो निघतो म्हणजे बसवण्यात चूक आहे. नुसत्या वेलक्रोवर सोडू नका. कोनच्या आतल्या काठाला भोकं किंवा लूप असतात, त्यातून गॉझची पट्टी ओवून मानेभोवती वेगळी गाठ मारा. पट्टी आणि मान यांत या वयाच्या पिल्लाला एकच बोट जावं. मोठ्या मांजरासाठी दोन बोटं सांगतात, ती इथे सैल होतात. आणि सैल कोन घट्ट कोनापेक्षा धोकादायक, कारण खालचा जबडा किंवा पुढचा पाय त्यात अडकतो आणि घाबरलेलं पिल्लू गरगर फिरतं. लांबी तपासताना समोरून नको, बाजूने बघा: कड नाकाच्या टोकापुढे निदान दोन सेंटिमीटर हवी. मऊ कापडी कोन दिसायला गोंडस, पण पोटाशी वाकल्यावर तो दुमडतो आणि जीभ बरोबर टाक्यांवर पोचते.

खाण्याची बशी कोनच्या तोंडापेक्षा लहान घ्या, उलट्या वाटीवर तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवा. कोनची कड बशीबाहेर टेकते आणि तोंड आत पोचतं. निम्मी "खात नाही" तक्रार इथेच मिटते.

तरीही जमत नसेल तर अंगरखा. विकतचा मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या सुती लेगिंगचा पोटरीचा भाग. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, त्यात ४ सेंटिमीटर मिळवून कापा. अरुंद टोक मानेकडे. पुढच्या पायांसाठी मानेच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर दोन भोकं, मधलं अंतर ५ सेंटिमीटर. भोकं दोन सेंटिमीटरचीच ठेवा, कापड ताणतं. मोठी केलीत तर खांदा बाहेर येतो. मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ६ सेंटिमीटर चिरा. त्यातून मागचे पाय बाहेर, आणि पाठीकडचे व पोटाकडचे कोपरे प्रत्येक मांडीच्या बाहेर गाठीने बांधा. पोटाकडचं कापड शेपटीच्या खालपर्यंत येऊ देऊ नका, तिथे कात्रीने अर्धगोल काढा. नाहीतर लघवी कापडात, आणि ओलं कापड जखमेवर. असे दोन शिवा, एक धुण्यात.

घातल्यावर काही पिल्लं एका अंगावर कलंडतात आणि लाकडासारखी पडून राहतात. पाय गेलेले नाहीत, अंगाला कापड घट्ट लागल्यावरची ती प्रतिक्रिया आहे. समोर खाणं ठेवा, उठेल.

थेंबमोज

सुईदोरा, अंगरख्याला माझा अर्धाच होकार. कापडावरूनही ती चाटत बसते, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. अंगरखा घातला तर दिवसातून दोनदा काढून बघायचंच. रात्री कोणी जागं नसताना कोन बरा.

सुईदोरा

बघायचं हे मान्य. पण कोन काढून टाकणाऱ्या पिल्लाच्या अंगावर रात्री काहीच नसण्यापेक्षा अंगरखा शंभरदा बरा. मांजराच्या जिभेवर केराटिनचे आत वळलेले काटे असतात, अगदी कानशीसारखे. आपल्या बोटाला खरखर लागते ती तीच. पाच मिनिटं नेटाने चाटलं तर पातळ कातडीचा छेद उघडायला तेवढं पुरतं.

पोटपट्टी

जखम बघायची कशी ते कोणी लिहिलं नाही अजून.

रोज त्याच वेळी, त्याच उजेडात एक फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. "काल एवढं लाल नव्हतं बहुतेक" या वाक्याने डॉक्टरांना काही कळत नाही, दोन फोटोंनी कळतं. तिला उचलून उताणं करू नका, पोटावर ताण येतो. मागचे पाय जमिनीवर राहू देऊन पुढून काखेत धरून जरा उभी करा, दोन सेकंदांत दिसतं.

ठीक असलेली जखम: कडा एकमेकींना चिकटलेल्या, फिकट गुलाबी, किंचित फुगीर. पहिल्या दिवशी पाणीदार लालसर थेंब आला तर चालेल. कडेला निळसर डाग म्हणजे मुका मार. आजूबाजूला केस भादरल्याचे लाल ओरखडे असतात, ते जखमेहून जास्त खाजतात आणि चाटण्याचं मूळ पुष्कळदा तेच असतं.

ठीक नसलेली: दुसऱ्या दिवसानंतरही ओघळ, पिवळट किंवा हिरवट स्राव, वास, हाताला गरम लागणं, कडांमध्ये फट. फटीतून गुलाबी किंवा चरबीसारखं काही बाहेर डोकावत असेल तर आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेला स्वच्छ गॉझ वर ठेवा, अंगाभोवती टॉवेल गुंडाळा, थेट दवाखाना.

जखमेवर काहीही लावायचं नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशी जाळतात. क्लोरोझायलेनॉल असलेली जंतुनाशकं आणि टी ट्री तेल चाटल्यावर मांजराला विषारी. झिंकचं मलमही चाटून पोटात जातं. कोरडी ठेवा, एवढंच. आंघोळ १४ दिवस नाही. शी-लघवीच्या ट्रेमधलं लिटर भुशासारखं बारीक असेल तर ते जखमेला चिकटतं. आठवडाभर फाडलेला कागद किंवा कागदाच्या गोळ्या वापरा, ट्रेची कड बुटकी असू दे.

पुढच्या पायावर सलाईनच्या जागी पट्टी आहे का बघा. घरी आल्यावर काही तासांत ती निघायला हवी. राहिली तर पंजा फुगतो, आणि लंगडण्याचा दोष उगाच ऑपरेशनवर जातो.

पहिले दोन दिवस हिरड्याही बघा. बोटाने दाबून सोडलं की पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या, पोट फुगत चाललेलं, पिल्लू मलूल आणि गार, तर आत रक्तस्राव असू शकतो. मध्यरात्र असली तरी निघायचं. थर्मामीटर लावता येत असेल तर १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर किंवा १०० च्या खाली फोन.

दुखतंय का हे आवाजावरून ठरवू नका. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. चेहरा बघा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये फेलाइन ग्रिमेस स्केल प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी आहेत: कान बाहेर वळलेत का, डोळे बारीक केलेत का, नाकाभोवतीचा भाग ताणलाय का, मिशा सरळ पुढे ताठ आहेत का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक कमी पडतंय. झोपेत किंवा खाताना मोजायचं नाही, जागी आणि शांत बसलेली असताना अर्धा मिनिट बघायचं.

बोकोबा

४ आणि ५ माझ्याकडे.

उडी मारली म्हणजे तिला बरं वाटतंय, आणि खरी पंचाईत तीच. पहिल्या दिवशी गुंगीत असते, कुठे जात नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी वेदना उतरलेली, अंगात जोर आलेला, आणि पोटाचा थर मात्र जवळजवळ टाक्यांच्याच भरवशावर. त्या दिवसांत छेद उघडण्याची भीती जास्त, कारण तेव्हाच घरातले म्हणतात, आता छान खेळतेय, काढा तो कोन.

पिंजऱ्यात ओरडते तर लहान खोली घ्या. बाथरूम कोरडी ठेवता येत असेल तर तीच सगळ्यात चांगली: चढायला काही नाही, पलंगाखाली शिरायला जागा नाही. कमोडचं झाकण बंद, बादली बाहेर. खोलीच वापरायची असेल तर खुर्च्या बाहेर काढा, आणि खिडकीच्या कट्ट्यावर आडवी खोकी रचून जागाच संपवा. तिला उतरण्यापुरती जागा दिसली नाही तर ती बहुधा झेपावत नाही. जमिनीवर आडवं खोकं, आत मऊ कापड. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल.

काठीला बांधलेली पिसं, लेझर, चेंडू दहा दिवस बंद. अंगातली रग नाकावाटे जिरवा: दाणे कागदाच्या पुड्यांत गुंडाळून सहा ठिकाणी लपवा, किंवा चुरगळलेल्या कागदाने भरलेल्या खोक्यात टाका. वीस मिनिटं हुंगून शोधणं म्हणजे चांगली दमछाक, आणि चारही पाय जमिनीवर.

बोका फिसकारतो तो तिच्यावर नव्हे, दवाखान्याच्या वासावर. मांजरं एकमेकांना वासाने ओळखतात. स्पिरिट, भूल, परक्या जनावरांचा वास घेऊन आलेली ही कोण, असा त्याचा सवाल. समोरासमोर आणून "अरे तीच आहे" सांगायला जाऊ नका. दोन-तीन दिवस दार बंद. त्याच्या टोपलीतलं फडकं तिच्याकडे, तिचं त्याच्याकडे, रोज. दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी खाणं. मग फटीतून, मग समोर. आणि फिसकारणं थांबलं तरी दंगामस्ती दहाव्या दिवसाच्या आधी नाही. तो तिला खाली दाबून मागच्या पायांनी लाथा झाडतो ना, त्या नेमक्या पोटावर बसतात.

करडी मनी

सगळ्यांचे आभार. दवाखान्यातून नवीन बाटली मिळाली, तिच्यावर ०.५ मिग्रॅ लिहिलंय. कोमट केल्यावर दीड चमचा एका दमात गेला. गॉझने बांधलेला कोन रात्रभर टिकला.

करडी मनी

सहावा दिवस. खाणं, शी, सगळं सुरळीत. पण आज छेदाच्या खालच्या टोकाला कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ लागतेय. घट्ट आहे. दाबलं तर ती काही म्हणत नाही. लाली नाही, पाणी नाही. चौथ्या दिवसाच्या फोटोत नव्हती. हर्निया का?

पोटपट्टी

वर्णनावरून टाक्याची गाठ वाटते. विरघळणारा दोरा शरीर हळूहळू पचवतं, तेव्हा त्याभोवती घट्ट सूज धरते. पाचव्या ते दहाव्या दिवसात हाताला लागते, तीन-चार आठवड्यांत जिरते. पिल्लाच्या पोटाला चरबी नसते म्हणून जास्तच जाणवते.

घरी तीन गोष्टी बघा. हलक्या बोटाने दाबल्यावर ती आत जाऊन नाहीशी होते आणि सोडल्यावर परत येते का? तर हर्नियाची शंका, त्याच दिवशी दाखवा, आणि दाबण्याचा खेळ पुन्हा करू नका. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळते का? तर सेरोमा, म्हणजे हालचाल जास्त झाल्याने साचलेला द्रव. बहुतेक वेळा आपोआप शोषला जातो, सुईने काढायला जाऊ नका, जंतू आत जातात. गरम, दुखरी, रोज मोठी होणारी? तर संसर्ग. यातलं काही नसेल तर रोज मोजा आणि फोटो दवाखान्यात पाठवून ठेवा.

करडी मनी

आत जात नाही, डुचमळत नाही, जागची हलत नाही. ६ मिलिमीटर. फोटो पाठवला. मग कोन दहाव्या दिवशी काढू की गाठ जाईपर्यंत ठेवू?

पोटपट्टी

गाठीसाठी थांबायचं नाही. दहाव्या दिवशी कडा पूर्ण मिटलेल्या, खपली नाही, लाली नाही, तर काढा. पण सकाळी काढा आणि तासभर समोर बसा. काढल्यावर ती सगळं अंग धुऊन काढते, दहा दिवसांचं साचलेलं असतं. छेदावरून एकदा जीभ फिरवून पुढे गेली तर सोडा. तिथेच खोदत बसली तर आणखी तीन दिवस. बाहेरून नायलॉनचे टाके असते तर ते काढेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, कोन हललाच नसता.

थेंबमोज

खाण्याचं एक राहिलं. बीजकोश काढल्यावर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, साधारण पाव ते एक तृतीयांश. म्हणजे आठवड्याभरात ती भांडं चाटूनपुसून आणखी मागायला लागेल. ती अजून वाढतेय, त्यामुळे पिल्लांचंच खाणं वर्षाची होईपर्यंत चालू ठेवा, पण दिवसभर भरलेलं भांडं बंद. वजनकाट्यावर मोजून, दिवसाचे चार भाग. दर आठवड्याला तिचंही वजन लिहा.

बोकोबा

आणि भादरलेल्या जागी केस गडद रंगाचे आले तर घाबरून नवीन धागा काढू नका. सयामी किंवा तसल्या टोकांना गडद असणाऱ्या मांजरांत केसांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो. उघड्या पडलेल्या थंड जागेवर काळसर केस येतात, पुढच्या केसगळतीत जातात. तुमची करडी आहे, तिला तेही नाही.